साखऱ्याचा पाऊस आणि स्तंभालेखाचे वाचन

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा हे महसूल मंडळाचे गाव असल्यामुळे तेथे पडणाऱ्या पावसाची नोंद सरकारदफ्तरी स्वतंत्रपणे होते, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरून पिकांच्या पंचनाम्याची तजवीज सुरू होते. ज्या आकड्यावर घरच्या शेताची नुकसानभरपाई अवलंबून असते, तोच आकडा सहावी-सातवीच्या विज्ञानात स्तंभालेख वाचावयास शिकवताना मुलांपुढे प्रथम ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा वाचण्यापूर्वी एककाचा अर्थ उमगला पाहिजे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने ६५ मिलिमीटरांचा स्तंभ एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पाणी ओतून गेलेला असतो. हे ध्यानी आले म्हणजे वहीतील रंगवलेला आयत निर्जीव राहत नाही.

अशा आलेखाचा आरंभीचा प्रसिद्ध नमुना विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली प्रसिद्ध केला, आणि त्याची हकीकत बोधप्रद आहे. इंग्लंडच्या व्यापाराची अनेक वर्षांची आकडेवारी हाती असल्याने त्याने तेथे रेषा काढल्या. परंतु स्कॉटलंडची केवळ एका वर्षाची माहिती उपलब्ध असल्यामुळे काळाचा प्रवाह दाखवणे अशक्य होऊन त्याने सतरा देशांशी चाललेली आयात-निर्यात स्तंभांनी मांडली. जिथे काळाची सलगता नाही, निरनिराळ्या वस्तूंची वा स्थळांची तुलना मात्र आहे, तिथे स्तंभ शोभतो. आणि स्तंभांमधली मोकळी जागा हे वेगळेपणच सांगते.

वाचनात पहिली नजर स्तंभाच्या माथ्यावर जाते. ती पायाशी जावयास हवी. समजा, दोन मंडळांत अनुक्रमे १८० आणि २०० मिलिमीटर पाऊस झाला आणि उभा अक्ष शून्याऐवजी १६० पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ दुसऱ्याच्या निम्मा दिसेल, वास्तविक तो केवळ एक-दशांशाने उणा असताना. म्हणून प्रमाण आणि प्रारंभबिंदू यांची खातरजमा केल्यावाचून उंचीची तुलना करू नये.

त्याहून सूक्ष्म अडचण बेरजेची आहे. ऑगस्टचा एकच स्तंभ दोन वर्षी सारख्या उंचीचा असू शकेल; पण एका वर्षी पाऊस महिनाभर विभागून पडला आणि दुसऱ्या वर्षी तीनचार दिवसांत कोसळून पुढे दीर्घ उघडीप राहिली, तर सोयाबीन फुलोऱ्यात वा शेंगा भरण्यात असताना जिरायत शेताला या दोन वर्षांची फळे अगदी भिन्न मिळतील. मासिक स्तंभ खोटा नसतो, परंतु दिवसांचा तपशील तो गिळून टाकतो. यास्तव जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांचे निरनिराळे स्तंभ मुलांकडून काढून घ्यावेत. भारतीय हवामानशास्त्र विभाग अडीच मिलिमीटर वा अधिक पावसाचा दिवस पर्जन्यदिन मानतो, त्या उंचीवर एक आडवी रेषा ओढावी, आणि रेषेखालचे सलग दिवस मोजावयास सांगावे. हे काम रटाळ वाटेल, तरी पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा हा कृषी विभागाचा सल्ला कोणत्या दिवशी पूर्ण झाला, हे त्याच कागदावर बेरीज करीत गेल्यास मुलांना स्वतः ठरवता येते.

आणि एक दक्षता. ज्या दिवशी मोजणी झालीच नाही, त्या दिवशी शून्य लिहू नये: शून्य ही मोजलेली राशी आहे. अशा जागी निराळी खूण करून समासात कारण नोंदवावे, म्हणजे कोरडा दिवस आणि नोंद नसलेला दिवस यांची गल्लत होणार नाही.