ज्वारीचा दाणा आणि ज्वारीचे धाट

ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि धाटातले सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेची बनलेली असतात. तरी दाण्याची भाकरी माणसाला पचते आणि कडबा मात्र बैलापुढे टाकावा लागतो. फरक आहे तो साखरेच्या रेणूंच्या जोडणीत. स्टार्चमधले रेणू एकाच बाजूने जोडलेले असल्याने साखळी वळत जाते आणि पाचकरस ती सहज तोडतात. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा रेणू आधीच्याच्या मानाने उलटा बसतो. एवढ्यानेच साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटते आणि चिवट तंतू तयार होतो. एकेकटा बंध नाजूक असतो, पण असंख्य बंधांची पकड विलक्षण असते.

या तंतूंनी वनस्पतींची पेशीभित्तिका विणलेली असते. पेशीत शिरलेल्या पाण्याचा दाब ती पेलते, म्हणून हाडांवाचूनही कोवळा कोंब ताठ उभा राहतो. शरीराच्या बांधणीत असे काम करणाऱ्या बहुशर्करांना संरचनात्मक बहुशर्करा म्हणतात. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळे केले. कापसात ते नव्वद टक्क्यांहून अधिक असते. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची लांबच लांब वाढलेली एकच पेशी. लाकडात ते निम्म्याच्या आसपास असते आणि लिग्निन त्याला कडकपणा देते. पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन ही आणखी एक बहुशर्करा. ते विरघळू लागले की पेरू मऊ पडतो.

बैलालाही सेल्युलोज स्वतः तोडता येत नाही. ते काम त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात.

कीटक, खेकडे आणि कोळंबी यांचे कवच कायटिनचे असते. त्याची रचना सेल्युलोजसारखीच, फक्त प्रत्येक साखरेला नायट्रोजनयुक्त गट जोडलेला. ते प्रथम सापडले मात्र अळंब्यांत, १८११ मध्ये. बुरशींच्या पेशीभित्तिकाही त्याच्याच आधारावर उभ्या असतात. खेकड्याच्या कवचात चुनखडीचीही भर पडते. असे कवच वाढत नाही, म्हणून खेकडा ते टाकून देतो आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत दडून बसतो.

जिवाणूंच्या भिंतीत साखरेच्या साखळ्या प्रथिनांसारख्या छोट्या दुव्यांनी आडव्या सांधलेल्या असतात. पेनिसिलिन हे सांधणेच रोखते. वाढता जिवाणू आतल्या दाबाने फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्याने त्या सुरक्षित राहतात.