विमान आणि मोजमाप

विमान हा शब्द संस्कृतात ‘वि’ उपसर्ग लागलेल्या ‘मा’ धातूपासून आला आहे, आणि ‘मा’ म्हणजे मोजणे. पुष्पक विमानाच्या कथा ऐकून वाढलेल्या आपणां सर्वांस या शब्दात उड्डाण तेवढे दिसते, मोजमाप दिसत नाही. परंतु आजच्या प्रवासी विमानाच्या वैमानिकास विचारल्यास तो मोजमापच आधी सांगेल.

विमानप्रवास आता घरोघरचा झाला आहे. दिल्लीस नोकरीवर असलेला पुतण्या, परदेशी शिकणारी नात यांच्या निमित्ताने आमच्या उस्मानपुऱ्यातील कितीतरी कुटुंबांस चिकलठाण्याच्या विमानतळाची वाट ठाऊक आहे. खिडकीजवळची जागा मिळाली की नाही, यावर घरी चर्चाही पुष्कळ होते. पण ते अवजड यंत्र जमीन सोडते कसे, हे मात्र सहसा कोणी पुसत नाही.

विमानास उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. हवा दाट असेल तर थोड्या वेगाने काम भागते. विरळ असेल तर अधिक वेग लागतो. उंची वाढली की हवा विरळ होते, आणि तापली तरीही विरळ होते. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंचीवर आहे. वैशाखात पारा ४० अंशांवर गेला म्हणजे येथील हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेहून सुमारे एक सप्तमांशाने विरळ असते. शाळेतील मुलासही करिता येईल असे हे गणित आहे. त्याचे फळ असे की, तेवढेच वजन उचलण्यास विमानाला सुमारे आठ टक्के अधिक वेग घ्यावा लागतो. त्यातच विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी पडतो. म्हणजे धाव अधिक लांबते. धावपट्टी मात्र आहे तेवढीच राहते.

म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी वजन, तापमान, वारा व धावपट्टीची लांबी पाहून तीन वेग ठरविले जातात. पहिला निर्णयाचा: तोपर्यंत काही बिघडल्यास थांबता येते, त्यापुढे उडणेच श्रेयस्कर. दुसरा विमानाचे नाक उचलण्याचा. तिसरा, एक इंजिन बंद पडले तरी सुरक्षितपणे वर चढता येईल असा. दोघां वैमानिकांपैकी एक जण काट्यावर नजर ठेवून हे वेग येताच मोठ्याने उच्चारतो, व दुसरा त्याप्रमाणे कृती करितो.

या मोजमापात चूक झाली असता काय होते, हे आमच्या शहराने पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी, ऐन उन्हाळ्यात, दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान ११८ माणसे घेऊन चिकलठाण्याहून मुंबईस निघाले. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४१० फुटांवर बीड रस्ता होता, आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी लादलेला एक ट्रक चालला होता. विमान जमिनीवरून उठले होते, पण पुरेसे चढले नव्हते. त्याचे डावे चाक व डावे इंजिन रस्त्यापासून अवघ्या सात फुटांच्या उंचीवर ट्रकास लागले. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांत अडकून ते कोसळले. ५५ माणसे प्राणांस मुकली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणे निघाली. वैमानिकांनी नाक उशिरा उचलले व उचलण्याची रीतही चुकली, हे एक. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाने हयगय केली, हे दुसरे. यांपैकी एकही नसते तर विमान बहुधा सुखरूप गेले असते. अनर्थ बहुधा असाच घडतो. एका हयगयीस दुसरी येऊन मिळते.

दुसरी एक गोष्ट आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे मेली. एका विमानाच्या मुख्य वैमानिकाने परवानगी मिळण्यापूर्वीच धाव सुरू केली होती. समोरचे विमान अजून धावपट्टीवर असेल, अशी शंका त्याच्या हाताखालच्या अभियंत्याने बोलूनही दाखविली; वरिष्ठाने ती झिडकारली. त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा पाठ आला: कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी, व ज्येष्ठाने ती ऐकून घ्यावी. वडिलांपुढे तोंड उघडू नये, ही शिकवण आपल्या एकत्र कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. आदर राखावा हे खरेच. परंतु ज्या घरातील सुनेस वा नातवास ‘आजोबा, येथे चुकते आहे’ असे म्हणण्याची सोय नाही, तेथील कर्त्या पुरुषाने स्वतःस फार सुरक्षित समजू नये.

चिकलठाण्याची धावपट्टी पुढे वाढविण्यात आली. आता ती सुमारे ९३०० फूट लांब आहे. तथापि वैशाखातील हवा तीच आहे व गणितही तेच आहे. तेव्हा उन्हाळ्यातील दुपारी उड्डाणास विलंब झाला, किंवा सामान तोलणाऱ्याने एखादी पिशवी कमी करावयास सांगितली, तर वाचकांनी त्रागा करू नये. आणि घरातील एखादा मुलगा वा मुलगी वैमानिक होऊ म्हणेल, तर धाडसाची चौकशी मागाहून करावी. आधी त्याची गणिताची वही पाहावी.