२०२१ बेल्जियम ग्रांप्री

२०२१ बेल्जियम ग्रांप्री ही फॉर्म्युला वन मोटार शर्यत २९ ऑगस्ट २०२१ रोजी बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवर आयोजित करण्यात आली. ४४ फेऱ्यांची ही शर्यत पावसामुळे होऊ शकली नाही. तरीही निकाल जाहीर झाला. फॉर्म्युला वनच्या इतिहासातील ही सर्वांत छोटी शर्यत होय.

पार्श्वभूमी

आर्देनच्या डोंगराळ अरण्यातून जाणारे हे सर्किट ७.००४ किमी लांब आहे. त्याच्या एका टोकाला पाऊस कोसळत असताना दुसरे टोक कोरडे असू शकते. ओल्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांमागे पाण्याच्या तुषारांचा पडदा उभा राहतो. दुतर्फा दाट झाडी असल्याने तो लवकर विरत नाही आणि मागील चालकाला पुढची गाडीही दिसेनाशी होते. याच सर्किटच्या चढावरील रेदियों वळणापाशी २०१९ मध्ये फॉर्म्युला टू चालक अँथवान ह्युबेर यांचा अपघाती मृत्यू झाला होता. २०२१ मध्ये शनिवारच्या पात्रता फेरीत लँडो नॉरिस यांची गाडी त्याच भागात आदळली.

मुख्य शर्यत

रविवारी दुपारी ३ वाजता शर्यत सुरू व्हायची होती. सेफ्टी कारमागे काही फेऱ्या मारून गाड्या परत आल्या आणि प्रतीक्षा सुरू झाली. सर्किटभोवतीच्या गवताळ उतारांवर प्रेक्षक छत्र्या व रेनकोट घेऊन तासन्‌तास थांबून होते. नियमानुसार शर्यत तीन तासांच्या मुदतीत संपणे आवश्यक होते. पंचांनी ५ वाजता ते घड्याळच थांबविले. ६ वाजून १७ मिनिटांनी गाड्या पुन्हा सेफ्टी कारमागे निघाल्या. मोजक्या फेऱ्यांनंतर लाल झेंडा दाखविण्यात आला. एकाही फेरीत खरी चुरस झाली नाही. निकालासाठी पहिलीच फेरी धरली गेली. आरंभरेषा व अंतिम रेषा वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे अधिकृत अंतर ६.८८० किमी, म्हणजे सर्किटच्या लांबीपेक्षाही कमी भरले.

मॅक्स व्हर्स्टॅपन विजयी ठरले, जॉर्ज रसेल दुसरे व लुइस हॅमिल्टन तिसरे आले. हा क्रम मुख्यतः पात्रता फेरीचाच होता. निम्मे गुण देण्यात आल्याने विजेत्याला १२.५ गुण मिळाले.

पडसाद

प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मिळावेत, अशी मागणी हॅमिल्टन यांनी जाहीरपणे केली. २०२२ पासून नियम बदलला. आघाडीच्या चालकाने सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या पूर्ण केल्याखेरीज आता कोणालाही गुण मिळत नाहीत.