टेकडी कॉलेजची, पण वरचं आकाश कोणाचं?

पावसाळ्यात लवळ्याची टेकडी हिरवीगार झाली की प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण म्हणतोच, 'ड्रोन आण रे, भारी रील होईल!' रील भारी होईलच. पण ड्रोन जमिनीवरून उचलला की हवाई कायदा लागू होतो, मग खाली कॅम्पस कुणाचाही असो.

जमीन ज्याची, वरचं आकाशही त्याचंच, असं पूर्वी इंग्लंड-अमेरिकेत मानत. विमानं आली आणि हे चालेना. अमेरिकेत लष्करी विमानं एका शेतकऱ्याच्या घरावरून इतकी खालून जायची की त्याच्या कोंबड्या घाबरून मरायच्या. तो कोर्टात गेला. १९४६मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आकाश अनंतापर्यंत तुझं नाही. पण जमीन नीट वापरायला लागते तेवढी वरची जागा तुझी. भरपाईचा त्याचा हक्कही मान्य झाला. देशादेशांतला प्रश्न त्याआधीच, १९४४च्या शिकागो करारात सुटला होता : ज्याची भूमी, त्या देशाची तिथल्या आकाशावर पूर्ण सत्ता.

आपल्याकडे जेआरडी टाटांनी १९३२मध्ये कराचीहून जुहूला टपालाचं विमान आणलं. दोनच वर्षांनी, १९३४चा विमान कायदा आला. गंमत म्हणजे त्यातल्या 'विमाना'च्या व्याख्येत पतंगही होता! हा कायदा तब्बल ९० वर्षं चालला. १ जानेवारी २०२५पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमानं घेतली.

ड्रोनची गोष्ट मात्र आपल्याच पिढीची. २०१४मध्ये डीजीसीएनं खासगी ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी दार उघडलं. आता नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन आहेत. हिरव्यात साधारण ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई नियंत्रकांची लागते आणि लाल झोनमध्ये केंद्र सरकारची. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट नको. दोन किलोपर्यंतच्या मायक्रोलाही नको, पण फक्त हौसेसाठी. मित्राच्या ताईच्या लग्नाचं शूट पैसे घेऊन केलंत, तर मायक्रोला ते लागतं. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत.

पुण्यात हे जास्त जपायला हवं. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि खडकवासल्याला एनडीए. त्यात लवळ्याची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे उतार. ड्रोनच्या ॲपवर दिसणारी उंची सहसा टेक-ऑफच्या जागेपासूनची असते. टेकडीवरून ३०० फूट वर नेऊन ड्रोन दरीकडे वळवला, तर स्क्रीनवर ३००च दिसतात; पण खालची जमीन खोल गेलेली असते. ड्रोन एक इंचही वर न जाता ४०० फुटांची मर्यादा ओलांडू शकतो. तिथून पुढचं आकाश हेलिकॉप्टर आणि विमानांचं.

म्हणून फेस्टच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधीच डिजिटल स्कायचा नकाशा उघडा. तो सगळ्यांना मोफत बघता येतो. ड्रोनची नोंदणी आहे का, पोलिसांचा तात्पुरता बंदी आदेश आहे का, तेही बघा आणि कॉलेजची लेखी परवानगी घ्या. बॅटरी चार्ज होईपर्यंत यातलं निम्मं काम उरकतं.