कान आणि तोल

श्रोतेहो, भोवळ आली की आपण डोक्याला हात लावतो. पुष्कळदा दोष मात्र कानात असतो. कान केवळ ऐकत नाही, तो शरीराचा तोलही सांभाळतो. अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. मान वळली की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्या फरकाची वर्दी मेंदूला पोहोचते. परंतु कवटीच्या हाडात दडलेल्या या नलिका जिवंत माणसात तपासाव्यात कशा? ती वाट व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी (१८७६–१९३६) यांनी दाखविली.

पिचकारीने कान धुताना रोग्यांना भोवळ येई आणि त्यांची बुबुळे हिसके देत. एक रोगी म्हणाला, पाणी पुरेसे ऊन नसले तरच मला असे होते. बारानींनी ते हसण्यावारी नेले नाही. अधिक ऊन पाणी मागविले. परिचारिकेने आणले ते फारच कढत निघाले. रोगी ओरडला, त्याला पुन्हा भोवळ आली; पण या खेपेस हिसके उलट दिशेने होते!

याचा उलगडा व्हावा म्हणून न्हाणीघरातला बंब आठवावा. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी तळाशी जाते. कानातला द्रवही उष्णतेने वर सरकतो, थंडीने खाली. म्हणून हिसक्यांची दिशा पालटते. नलिका निकामी असेल तर बुबुळे स्थिर राहतात. आज ही चाचणी बहुधा ३० व ४४ अंश सेल्सियसच्या पाण्याने करतात. ती घरी मात्र कोणी करू नये. पडद्याला छिद्र असल्यास पाणी अपाय करते.

या संशोधनाबद्दल १९१४ सालचे नोबेल पारितोषिक बारानींना मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे १९८३ साली अंतराळात, जेथे हलके-जड हा भेदच उरत नाही, तेथेही बुबुळे हलली. म्हणजे बंबाचा दृष्टांत खरा, पण अपुरा; उष्णतेचा आणखीही काही परिणाम होत असला पाहिजे.

आम्हांस यातली मोठी गोष्ट वाटते ती रोग्याचे बोलणे ऐकण्याची. गडचिरोलीच्या रानात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉक्टर प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. रोग्याचे शब्दच कळले नाहीत, तर त्याची भोवळ कशी कळणार? कानाचे शास्त्र असे वैद्याच्या कानापासूनच सुरू होते.