भोरडी आणि ज्वारी

पक्षिनिरीक्षणाची पाण्याशी सांगड इतकी पक्की झाली आहे, की स्थलांतर म्हटले की ठाण्याच्या खाडीतले रोहित आठवतात, फार तर आमच्या जिल्ह्यातले लोणार. पण चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरच्या शिवारात मी जिची वाट पाहतो, ती कोरडवाहू पाहुणी आहे : भोरडी. अंग गुलाबी, डोके, पंख, शेपटी काळी. पळसमैना हे तिचे दुसरे नाव.

पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मुलखात मे-जूनमध्ये तिची वीण होते. टोळ-नाकतोडे मुबलक असतात तेवढ्यातच पिल्ले वाढवून घ्यायची. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळांवर उपाय म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधतात. वीण उरकली, की जुलै-ऑगस्टपासून थवे वायव्येकडून भारतात उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. वर्षातले आठ महिने इथे राहणारीला पाहुणी का म्हणायचे, कोण जाणे!

वऱ्हाडात तिचे स्वागत गोफणीने होई. ज्वारीचा दाणा भरू लागला, की माळ्यावर चढून दिवसभर राखण. गावभर ज्वारी असे तेव्हा थव्याची धाड शेकडो एकरांत वाटली जाई. कुणा एकाचे फार जात नसे. मग सोयाबीन आले. ऐन काढणीतला पाऊस, काळा पडणारा दाणा, मजुरी, भाव अशा कारणांनी ज्वारी मागे हटली. आता कडब्यासाठी कुणी दोन एकर पेरलीच, तर आसपासची सारी पाखरे त्या एकाच शेतावर उतरतात. ज्वारी कमी म्हणून नुकसान जास्त, आणि नुकसान जास्त म्हणून पुढच्या वर्षी ज्वारी आणखी कमी. पाखरांच्या नावाने बोटे मोडताना हे गणित सहसा कुणी मांडत नाही.

भोरडी मात्र नुसती दाण्यावर जगत नाही. हरभऱ्यातली घाटेअळी ती आवडीने टिपते. फाल्गुनात पळस-सावरीच्या फुलांतला मध पिताना डोक्याला परागकण माखून या झाडावरून त्या झाडावर जाते. कृषी विभाग हरभऱ्यात पक्षिथांबे उभारायला सांगतो ते अळ्या टिपणाऱ्या अशाच पाखरांसाठी. काठ्या रोवणे जिवावर येत असेल, तर हरभऱ्याच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरा, असाही सल्ला आहे. हरभरा गुडघ्याखाली राहतो, ज्वारीची ताटे वर निघतात आणि पाखरे त्यांवर बसतात.

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या शेतावरून जाल, तेव्हा अशी तुरळक ताटे दिसतात का पाहा. त्यांची राखण कुणी करत नाही.