जिवंत झाडांची मोजणी

बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारातून थोडं काढायचं, तेवढीच भर सरकारने घालायची आणि खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम द्यायचं. १९९० पासून या योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. म्हणजे बोईसरच्या यंत्रांवर कमावलेल्या पैशातला वाटा जव्हार-मोखाड्याच्या उतारावर आंब्याचं कलम होऊन रुजू शकला! मला याचं आजही नवल वाटतं.

ते उतार म्हणजे वरकस जमीन. नागली, वरी घ्यायची, जमीन दमली की पडीक टाकायची. पावसाळ्यात इथे पाणी कोसळतं आणि उघडी माती ओहोळात उतरते. दिवाळीनंतर त्याच पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी वणवण असते, आणि घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जगायला जातात.

पुढे राष्ट्रीय रोजगार हमीत आलेली हीच फळबाग धूप आणि स्थलांतर या दोन्ही दुखण्यांना एकदम हात घालते. पाच गुंठ्यांपासून दोन हेक्टरपर्यंत लागवड करता येते. सातबारा हवा, वनहक्काचा पट्टाही चालतो. जॉबकार्ड असलेला शेतकरी उन्हाळ्यात स्वतःच्याच रानात मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डे घेतो आणि त्याची मजुरी त्यालाच मिळते. आंबा दहा-दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर झाडं. काजू त्याहून दाट.

पण खरी गंमत पुढच्या दोन वर्षांच्या अनुदानात आहे. ते मिळायचं तर झाडं जिवंत असावी लागतात: बागायतीत किमान ९० टक्के, कोरडवाहूत ७५. सरकारी कामात खड्डे मोजतात, रोपं मोजतात. इथे कागदाने जगलेली झाडं विचारली. शिवाय कोरडवाहूत चारातलं एक झाड मेलं तरी चालेल, एवढी उन्हाळ्याची जाण त्या आकड्यात आहे. उरलेली तीन जगवायची तर एप्रिल-मे महिन्यांत कुणीतरी पाणी घालायला, गुरं हाकायला, वणवा अडवायला घरी राहायला हवं. एका कलमापायी घरातलं एक माणूस भट्टीवर जायचं थांबतं.

माती वाचवण्यासाठी पैसे इतर देशांतही देतात. अमेरिकेत १९८५ पासून धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं पिकाखालून काढण्यासाठी शेतकऱ्याला भाडं देतात. चीनने १९९९ पासून उतारावरची नांगरट सोडून झाडं लावणाऱ्यांना धान्य दिलं. पण एकरभर वरकसावर पोट असलेल्या वारली किंवा कोकणा कुटुंबाला जमीन नुसती मोकळी ठेवणं परवडणार नाही. त्याला माती धरणारं झाड खायलाही घालणारं हवं, आणि आंब्याच्या ओळींमध्ये नागली घेता यायला हवी.

एक गोष्ट मात्र मला खटकते. अनुदान तिसऱ्या वर्षी संपतं. काजू तेव्हा जेमतेम धरू लागतो. आंब्याच्या कलमाचं हाती लागण्याजोगं उत्पन्न पाचव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं. मधले दोन उन्हाळे पाणी शेतकऱ्यालाच वाहायचं असतं, आणि भट्टीवाल्याची आगाऊ उचल दारात येतच राहते. मोजणी पाचव्या वर्षापर्यंत चालावी, आणि प्रत्येक जिवंत झाडामागे पाण्याचे पैसे मिळावेत.